‘त्रिंकोमाली’चे तणावे

उजव्या बाजूचा शेवटचा तणावा आवळून मान वर केली, तर मधली मोठी डोलकाठी उजवीकडे झुकलेली. ओळंबा धरून मोजलं. ३ मिलिमीटर. माझं जहाज म्हणजे टेबलावरचं मॉडेल, खऱ्याच्या चौसष्टाव्या हिश्श्याचं; खऱ्या जहाजावर ही झुक १९ सेंटिमीटरची झाली असती. सहा रात्रींचं काम होतं ते. कात्री घेतली आणि त्या बाजूचे सगळे दोर कापून टाकले.

मी एका स्ट्रक्चरल इंजिनियरच्या ऑफिसात चौतीस वर्षं ड्रॉइंगं काढली. खांब कशानं उभा राहतो हे मला नीट माहीत आहे असं मी धरून चालले होते. काँक्रीटचा खांब खालून पकडलेला असतो. शिडाच्या जहाजाची डोलकाठी मात्र खाली फक्त टेकलेली असते. तिला उभं ठेवतात ते दोर. कागदावर मला हे दिसत होतं. हाताला ते कळलं या कापाकापीनंतर.

जहाज कोणतं ते सांगते. ‘एचएमएस त्रिंकोमाली’. १२ ऑक्टोबर १८१७ला मुंबईच्या गोदीत पाण्यात उतरलेली, जमशेटजी बोमनजी वाडियांच्या देखरेखीखाली बांधलेली सागवानी फ्रिगेट, म्हणजे शिडाची युद्धनौका. तिची ड्रॉइंगं इंग्लंडहून ज्या जहाजानं निघाली, ती ‘जावा’ १८१२च्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकनांच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या युद्धनौकेनं लढाईत हरवली. मग दुसरी प्रत पाठवावी लागली आणि बांधणी लांबली. आमच्या ऑफिसात एखादी प्रिंट कुरियरमध्ये हरवली की काय धावपळ व्हायची ते आठवून मला त्या गोदीतल्या माणसांबद्दल फार जवळीक वाटते. ही फ्रिगेट आजही पाण्यावर आहे, इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, हार्टलपूलला. २०१८ साली लेकीकडे न्यूकॅसलला गेले होते तेव्हा ती मला तिथे घेऊन गेली. नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, पागोटं घातलेल्या माणसाचा पुतळा आहे. डेकवर उभी राहून मी वर बघितलं आणि बघतच राहिले. तीन डोलकाठ्या आणि त्यांच्याभोवती दोरांचं जंगल. लेक म्हणाली, “आई, यातला एकेक दोर कशासाठी असेल गं?” मला तिला नीट उत्तर देता आलं नाही. घरी परतल्यावर ड्रॉइंगं मागवली.

सांगाडा बनवण्यात दोन वर्षं गेली. गावच्या घराची जुनी सागवानी दारं निघाली होती, त्यांच्या पट्ट्या काढून. ते काम मन लावून केलं, पण ते सुतारकाम; त्याबद्दल इथे फार लिहीत नाही. खरा धडा सुरू झाला तो डोलकाठ्या उभ्या केल्यावर.

डोलकाठी आपण एक म्हणतो, पण एवढ्या उंचीचं सरळ झाड मिळणार कुठून? म्हणून ती तीन टप्प्यांची. खालची जाड काठी, तिच्या डोक्याशी पुढच्या अंगाला टेकून वर जाणारी दुसरी, आणि दुसरीला तशीच टेकून तिसरी. जिथे दोन काठ्या काही हात एकमेकींना चिकटून जातात तिथे त्यांना लाकडी टोपी आणि आडव्या तुळया एकत्र धरतात. वरच्या काठीच्या बुडातून एक आडवी पाचर जाते, तिच्यावर तिचं सगळं वजन. वादळात ती पाचर काढून वरची काठी खाली उतरवता यायची. त्या काळी मुंबईत डोलकाठ्यांसाठी मलबारच्या जंगलातल्या पून झाडाचे सोट वापरायचे. साग सांगाड्याला उत्तम, पण इतक्या उंचीवर तो जड होतो. मी पाइनच्या गोल काड्या पॉलिश पेपरनं टोकाकडे निमुळत्या केल्या.

आता दोर. आपल्याकडे तंबूला, मांडवाला ताणून बांधायच्या दोराला तणावा म्हणतात. मला तोच शब्द इथे नेमका वाटतो. डोलकाठीला धरून ठेवणारे दोर म्हणजे तिचे तणावे, आणि ते तीन तऱ्हांचे. डोक्यापासून खाली दोन्ही कुशींवर येणारे ते श्राउड. पुढे नाळेकडे जाणारा तो स्टे. वरच्या काठ्यांच्या टोकापासून मागे झुकत थेट जहाजाच्या कडेला येणारे ते बॅकस्टे. हे सगळे एकदा बांधले की जागचे हलत नाहीत. डांबर पाजून काळे केलेले. शिडं आणि त्यांच्या आडव्या काठ्या हलवणारे दोर वेगळे, ते वापरानं भुऱ्या रंगाचे. कुठलंही जुनं जहाज बघताना एवढा रंग ओळखता आला तरी निम्मं जंगल मोकळं होतं: काळा दोर धरतो, भुरा दोर ओढतो.

दोर मी स्वतःच वळले. ड्रिल मशीनच्या तोंडाला आकडा, समोरच्या भिंतीला फिरता आकडा, मध्ये सुती दोऱ्याचे तीन पेड. सुताला पीळ एका दिशेनं, पेडांना उलट दिशेनं. दोन्ही पीळ सुटायला बघतात, पण एकमेकांविरुद्ध, म्हणून दोर सुटत नाही. श्राउडसाठी १ मिलिमीटर जाडी, मोठ्या काठीच्या स्टेसाठी जवळजवळ २. हा फरक बघून मी आधी चमकले. पुढचा एकच दोर इतका जाड का? त्याचं उत्तर पुढे येईल.

श्राउड जोडीनं बसतात. एक लांब दोर मधोमध दुमडायचा, दुमड काठीच्या डोक्यावरून खाली सारायची, तिच्या मुळाशी दोन्ही पाय एकत्र बांधायचे. दोन्ही पाय एकाच कुशीला उतरतात. जोडी घालायची पद्धत ठरलेली: पहिली उजवीकडची सगळ्यात पुढची, दुसरी डावीकडची, तिसरी परत उजवीकडे, आणि प्रत्येक नवी दुमड आधीच्या दुमडीवर बसते. हे सगळं झाल्यावर सगळ्यात शेवटी, सगळ्यांच्या वर, पुढच्या स्टेचा फास. मी एक बाजू आधी पूर्ण करून मग दुसरी करू असं ठरवलं, कारण टेबल खिडकीला लागून होतं आणि जहाज सारखं फिरवायचा कंटाळा आला होता. म्हणून काठी कलली. दुसऱ्या खेपेला डावी-उजवी करत गेले. दर जोडीनंतर ओळंबा. काठी केसभरही हलली नाही.

श्राउडचा खालचा पाय जहाजाला थेट बांधलेला नसतो. जहाजाच्या कुशीतून एक जाड फळी बाहेर काढलेली असते आणि तिच्या कडेला तीन भोकांच्या गोल लाकडी चकत्या लोखंडी पट्ट्यांनी जखडलेल्या असतात. श्राउडच्या टोकालाही तशीच चकती. दोन चकत्यांच्या सहा भोकांतून बारीक दोरी खाली-वर ओवायची आणि ओढायची. ती कप्पीसारखं काम करते; ओढलं की श्राउड आवळतो, सैल सोडलं की ढिला पडतो. माझ्या चकत्या ५ मिलिमीटरच्या, भोकं अर्ध्या मिलिमीटरहून जरा मोठी. ओवताना श्वास रोखून धरावा लागे. दोरीच्या टोकाला फेविकॉल लावून, वाळवून, ब्लेडनं तिरकं कापायचं, म्हणजे सुईसारखं टोक होतं. ही युक्ती मला आमच्या शेजारच्या वहिनींनी दिली. त्या मोत्यांच्या कुड्या ओवतात.

ती बाहेर काढलेली फळी मला आधी नुसती शोभेची वाटली होती. मग वही घेतली आणि साधं त्रिकोणमिती केलं. श्राउड आणि डोलकाठी यांच्यात २० अंशांचा कोन असेल, तर कडेचा जोर १ टन असताना श्राउडवर ताण येतो जवळजवळ ३ टन. कोन १० अंशांवर आला तर तोच ताण पावणेसहा टनांच्या आसपास जातो. म्हणजे तणाव्याचा पाय वीतभर बाहेर नेला तरी दोराचं ओझं केवढं हलकं होतं! आणि तो दोर नुसता बाजूला ओढत नाही, काठीला खालीही दाबतो. वारा जितका जोराचा, तितकी काठी आपल्या बुडात दाबली जाते. चौतीस वर्षं मी कॉलम काढले, पण दोरांनी दाबून उभा केलेला कॉलम पहिल्यांदा माझ्या बोटांखाली होता.

वरच्या काठीचं गणित आणखी अवघड. तिचे श्राउड जहाजाच्या कडेपर्यंत येत नाहीत. खालच्या काठीच्या डोक्याशी जो लाकडी मचाण असतो त्याच्या कडेलाच ते थांबतात. कोन अगदी चिंचोळा. शिवाय ते मचाणाच्या कडा वर उचलून तोडतील. म्हणून मचाणाच्या कडेपासून खाली आत, खालच्या श्राउडकडे, आखूड दोर उलटे तिरपे जातात आणि तो ओढा खाली पोचवतात. वर चढणाऱ्या खलाशाला इथे पाठ समुद्राकडे करून, बाहेरच्या बाजूला लोंबकळत मचाणावर जावं लागे. मचाणात काठीजवळ एक भोक असतं, नवशिके त्यातून जात. हार्टलपूलला खालून बघताना त्या उलट्या दोरांचा अर्थ मला लागला नव्हता. टेबलावर ते बांधायची वेळ आली तेव्हा लागला, कारण ते न बांधताच मी वरचे श्राउड आवळायला गेले आणि मचाणाची कड माझ्या डोळ्यांदेखत वर उचलली गेली.

आता त्या जाड स्टेबद्दल. श्राउड कुशीला येतात तेव्हा थोडे मागे उतरतात. म्हणजे ते काठीला बाजूला पडू देत नाहीत आणि पुढेही पडू देत नाहीत. वारा मागून किंवा बाजूनं असला की शिडं काठीला पुढे ढकलतात. त्या वेळी डझनभर श्राउड आणि बॅकस्टे मिळून तिला धरतात. पण वारा अचानक फिरून समोरून शिडांवर आला तर? मग काठी मागे ढकलली जाते, आणि तेव्हा तिला धरायला पुढे मोजून एक-दोन स्टे. म्हणून तो दोर एवढा जाड. म्हणूनच समोरून वारा भरला की कप्तान घाबरत. सुकाणूवरच्या माणसाचं एका क्षणाचं दुर्लक्ष आणि काठ्या डेकवर.

आणि तो स्टे जातो कुठे? मधल्या काठीचा स्टे पुढच्या काठीच्या बुडाकडे. पुढच्या काठीचा स्टे नाळेवरून पुढे झेपावलेल्या काठीवर, बाउस्प्रिटवर. मधल्या काठीच्या वरच्या टप्प्यांचे स्टे पुढच्या काठीच्या डोक्यांवर. बाउस्प्रिटला खाली दाबून धरतात नाळेच्या पात्याला घट्ट गुंडाळलेले दोर आणि पात्याकडे उतरणारे तणावे. हे बांधत असताना एके रात्री माझा हात थांबला. बाउस्प्रिट तुटली तर पुढची काठी जाणार, ती गेली की मधलीच्या वरच्या टप्प्यांचा आधार जाणार. एवढ्या मोठ्या जहाजाची उभी ताकद नाळेवरच्या त्या एका काठीवर येऊन थांबते. त्या दिवसापासून बाउस्प्रिटचे दोर मी दुप्पट वेळ घेऊन बांधले.

इथे मला आबांचं सांगायलाच हवं. माझे आजोबा हर्णैला मालवाहू गलबतावर तांडेल होते. सात-आठ वर्षांची असताना त्यांनी मला एकदा दाभोळपर्यंत नेलं होतं. त्या गलबताची डोलकाठी एकच, जराशी नाळेकडे झुकलेली, आणि तिच्यावर लांब तिरप्या काठीला बांधलेलं तिकोनी शीड. तणावे कायमचे नव्हतेच. बाजू बदलायची वेळ आली की आबा हाक मारत, खलाशी एका कुशीचा दोर सोडत आणि धावत वाऱ्याकडच्या कुशीला नेऊन आवळत. मी विचारलं, “आबा, तिकडचा दोर का सोडला?” ते म्हणाले, “तिकडं वारा नाय, बाय. दोराचं काम वाऱ्याच्या अंगाला.” मला तेव्हा ते सहज वाटलं. त्रिंकोमालीवर मी दोन्ही कुशींना श्राउड बांधत होते तेव्हा त्याचा अर्थ नव्यानं उलगडला. दर वेळी वाऱ्याकडचेच श्राउड ताणलेले असतात, दुसऱ्या कुशीचे नुसते लोंबतात. आबांच्या गलबतानं त्या लोंबत्या दोरांची काटकसर केली होती, कारण काठी लहान आणि शीड एकच. तीन टप्प्यांच्या काठीवर तसं करायला वेळ मिळणार नाही.

पण त्या काटकसरीचा आणखी एक फायदा होता. आडव्या काठ्यांचं जहाज वाऱ्याच्या फार जवळून जाऊ शकत नाही. वाऱ्याच्या दिशेपासून साधारण ६७ अंश बाजूला राहूनच त्याला पुढे जाता येतं. कारण आडवी काठी फिरवताना एका ठिकाणी ती त्याच श्राउडना टेकते, ज्यांनी डोलकाठी धरली आहे. आधार जितका रुंद, तितकी काठी फिरायला जागा कमी. माझ्या टेबलावर मी मुख्य आडवी काठी बोटानं फिरवून बघितली. ती श्राउडला भिडली आणि थांबली. आबांच्या गलबतावर त्या बाजूला आवळलेला श्राउडच नसे, त्यामुळे ते वाऱ्याला बरंच जवळून कापत जायचं. दोन किनाऱ्यांच्या दोन कारागिरांनी एकाच अडचणीला काढलेली ही दोन उत्तरं मला सारखीच आवडतात.

श्राउड उभे झाल्यावर पायऱ्या. दोन श्राउडच्या मधून आडव्या बारीक दोऱ्या, त्यांवर पाय ठेवून खलाशी वर चढत. खऱ्या जहाजावर त्या एकमेकींपासून १३ ते १५ इंचांवर. माझ्याकडे ६ मिलिमीटरवर. मधल्या प्रत्येक श्राउडवर, गुरं खुंट्याला बांधतात तशी दोन फेऱ्यांची गाठ. पाठीमागे रेघा मारलेला कागद धरून मी त्या बांधल्या. फार ओढली की श्राउड आत ओढले जाऊन कंबर बारीक होते. सैल सोडली की पायरी लोंबते. अठराशेच्या वर गाठी झाल्या. सकाळी पोळ्या उरकल्या की दहा ते बारा, रोज चाळीस गाठी. त्याहून जास्त केल्या की शेवटच्या दहा वाकड्या यायच्या.

भुऱ्या दोरांना तीन महिने लागले. ते चहाच्या पाण्यात बुडवून रंगवले. आडवी काठी वर चढवणारे, तिची टोकं तोलणारे, तिला वाऱ्याच्या दिशेनं फिरवणारे, शिडाचे खालचे कोपरे ओढणारे, शीड गुंडाळून वर घेणारे. प्रत्येकाची डेकवर ठरलेली खुंटी. अंधारात, पावसात खलाशाच्या हाताला नेमका तोच दोर लागला पाहिजे म्हणून जागा कधी बदलायची नाही. मी शिडं लावली नाहीत. शिडांमागे दोर झाकले गेले असते.

काम संपलं ते मार्चमध्ये. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, डोंबिवलीत चार दिवस सलग पाऊस असताना, सकाळी जहाजाकडे नजर गेली आणि पोटात गोळा आला. मधल्या काठीचं सगळ्यात वरचं टोक मागे वाकलेलं होतं.

कारण शोधायला वेळ लागला नाही. सुती दोरा दमट हवेत फुगतो. पीळ घातलेला दोर जाड झाला की लांबीला आखडतो. खऱ्या तागाच्या दोरांचंही तेच व्हायचं. पावसात आवळत, उन्हात ढिले पडत, आणि खलाशांना त्या तीन भोकांच्या चकत्यांपाशी पुन्हा पुन्हा जावं लागे. माझे सगळेच दोर आखडले होते, पण सारखे नाही. वरच्या टोकाचे बॅकस्टे थेट जहाजाच्या कडेपर्यंत येतात, सगळ्यात लांब. म्हणून ते सगळ्यात जास्त आखडले. त्यांच्या समोरचा स्टे पुढच्या काठीपर्यंतच जातो, आखूड. तो कमी आखडला. लांब दोरांनी आखूड दोराला हरवलं आणि टोक मागे गेलं.

अनेक मॉडेल करणारे शेवटी सगळ्या गाठींवर गोंदाचा थेंब टाकतात, म्हणजे काही हलत नाही. मी चकत्यांच्या दोऱ्यांना गोंद लावलेला नव्हता. मनात कुठेतरी ते पटलं नव्हतं. त्या सकाळी मी चिमटा घेऊन बसले, बॅकस्टेंच्या चकत्यांमधली दोरी अर्धा-अर्धा मिलिमीटर सोडली, डावी, मग उजवी, परत डावी. टोक हळूहळू सरळ आलं.

तेव्हापासून हे दर वर्षीचं झालं आहे. पहिला मोठा पाऊस झाला की बॅकस्टे सोडायचे. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की तेवढेच परत आवळायचे. कोणता दोर किती सोडला ते एका छोट्या वहीत लिहून ठेवते. या वर्षीची नोंद १९ जूनची आहे: मधली काठी, उजवा बॅकस्टे अर्धा, डावा अर्धा, पुढचा स्टे तसाच.